न मांडलेल्या सत्तेचाळीस चुका

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. कंबर कशी आहे? (भावजींची चौकशी करत नाही, ते कायम "ठणठणीत"च म्हणतात.) माझं डोकं सोडलं तर इकडे सगळं ठीक.

आमचा प्रोग्राम शाळांची वेळापत्रकं बनवतो, तुझ्या शाळेचंही, हे तुला ठाऊक आहेच. त्याची तपासणी करायला दुसरा प्रोग्राम असतो: एकच बाई एका तासाला दोन वर्गांत नाहीत ना, मधली सुट्टी गायब नाही ना, वगैरे. तो लिहिला आमच्या एकेकरावांनी. (हे नाव मी ठेवलं, ऑफिसभर चालतं.) पहिली चूक सापडली की यांची तपासणी तिथेच बसकण मारते. ती दुरुस्त करा, तपासणी पुन्हा पहिल्यापासून चालवा, वीस मिनिटं ताटकळा, मग दुसरी दिसणार! तू मुख्याध्यापिका आहेस. पहिल्याच चुकीला पेपर मिटून ठेवणाऱ्या मास्तरला तू काय म्हणशील? मी तेच म्हणालो, तेही भर बैठकीत. एकेकराव चष्मा पुसत राहिले. अशा माणसाला पगार कसा मिळतो, देव जाणे.

मग मी माझी तपासणी लिहिली. चूक दिसली तरी थांबायचं नाही, सगळ्या एका यादीत गोळा करायच्या आणि शेवटी एकदम पुढ्यात मांडायच्या. पहिल्याच दिवशी पडदा हिरवागार, एकही चूक नाही! तीन आठवडे तेच. साहेब इतके खूश, की सोमवारपासून गटाचा प्रमुख मलाच करणार होते.

काल एकेकराव माझ्या खुर्चीशी येऊन हळूच म्हणाले, "गोळा तर होतायत, पण मांडायची ओळ कुठंय?"

ती मी लिहिलीच नव्हती, ताई. माझी तपासणी इमानेइतबारे चुका गोळा करत होती आणि कुणाला अवाक्षर सांगत नव्हती. ओळ घातली, तर सत्तेचाळीस निघाल्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी त्या माणसाचा तो मऊ आवाज माझ्या डोक्यात जातोच.

तुझा,
धाकटा

ता. क. तुमचं नवं वेळापत्रक भिंतीवर लावू नकोस. बुधवारी चित्रकलेच्या बाई एकाच तासाला चार वर्गांत आहेत. उलट साहेबांना फोन करून खडसावून तक्रार कर. मग ती चूक मी "तातडीने शोधून" काढतो, म्हणजे प्रमुखपद वाचेल.

ता. क. २. फोन नको. साहेबांना कळलं. प्रमुख एकेकराव झाले. पण मी प्रमुख झालो असं आईला गेल्याच आठवड्यात सांगून बसलोय, आणि तिने ते सगळ्या नातेवाइकांना कळवलंय. तिला तूच सांग. मात्र सगळं एकदम नको गं, एकेक करून सांग.