पोटाला बांधलेलं लुगडं

माय, तुझ्या पोटात निघाले तसेच खडे माझ्याही पित्ताशयात निघाले. दुखणंही तेच, जेवण झालं की उजव्या बरगडीखाली मुरगाळणारं आणि पाठीत जाणारं. कितीतरी दिवस मी ते पित्त म्हणून अंगावर काढलं, कारण डोळ्यांपुढे तुझ्या ऑपरेशनचा चिरा होता. मी शाळेतून येते तेव्हा तू बाजेवर पडलेली असतेस, खोकला आला की पोटाशी उशी दाबून धरतेस. काकू काही गमतीचं बोलल्या की म्हणतेस, "हासाडू नका वं, मन्हं पोट फाटी जाई." टाक्यांतून पाणी यायचं. जखम भरली तरी तिथे फुगवटा राहिला, आणि पुढे मरेपर्यंत तू जुन्या लुगड्याची पट्टी पोटाला गुंडाळून वावरलीस. पाण्याची कळशी काही तू पुन्हा उचलली नाहीस.

नंदुरबारच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता पोट फाडत नाहीत. बारीक छिद्रं पाडतात, एकातून दुर्बीण आत घालतात, बाकीच्यांतून हत्यारं, आणि पित्ताशय छोट्या पिशवीत घालून ओढून काढतात. चिरा लहान म्हणून दुखणं कमी, जखम चिघळायचं भय कमी, माणूस लवकर घरी. मला आधी खरंच वाटेना. पण ऑपरेशन झालं त्याच संध्याकाळी मी धरून धरून मोरीपर्यंत गेले आणि दुसऱ्या दिवशी जीपमध्ये बसले. तळोद्याच्या रस्त्यावरचे खड्डे तुला माहीतच आहेत. ते सगळे मी पोटावर हात ठेवून काढले, खोकलेसुद्धा, आणि पोट फाटलं नाही. तेव्हा मला रडू आलं, आणि रागही आला. तुझ्या वेळी हे कुठेतरी होत असेल ना? आपल्यापर्यंत का पोचलं नाही?

खरा वैताग मात्र घरी आल्यावर सुरू झाला. बघायला येणाऱ्या बायकांची रीत तुला ठाऊक आहे. बिस्किटाचा पुडा ठेवायचा, पाणी प्यायचं आणि टाके बघायला मागायचे. तुझे टाके बघून त्या तोंडाला पदर लावायच्या आणि जाताना काकूंना बजावायच्या, हिला उठू देऊ नका. माझ्या पोटावर दाखवायला आहे काय? चार चिकटपट्ट्या. सासूबाई वाकून बघतात आणि म्हणतात, "इतलंसं भोक? येन्हामा काय ऑपरेशन व्हयनं?" अहो, आतला एक अवयव काढलाय, केसातली पिन नाही. पण सांगायचं कुणाला? डॉक्टरीणबाईंनी दोन गोष्टी सांगितल्या होत्या, चालायचं आणि वजन उचलायचं नाही. आमच्या ह्यांनी पहिलीच ऐकली. "डॉक्टरनी चालाले सांगेल शे," म्हणत मला उठवलं आणि कापूस वेचायला आलेल्या बायकांच्या भाकऱ्यांना लावलं. टाके अजून निघायचे होते. पिठाचा डबा मीच ओढला. रात्री बेंबीजवळ अशी कळ आली की वाटलं, आता माझाही फुगवटा होणार आणि सगळं फुकट जाणार. तुझ्यासारखं होऊ नये म्हणून तर हे केलं होतं.

सकाळी मी पेटीतून तुझं लुगडं काढलं. त्याची रुंद पट्टी फाडली आणि तुझ्यासारखी पोटाला घट्ट गुंडाळली, साडीवरून, सगळ्यांना दिसेल अशी. कळशी उचलायला वाकते तोच सासूबाई ओट्यावरून म्हणाल्या, "ठेव ती कळशी, टाका तुटतीन." आणि त्यांनीच भरून आणली. ह्यांनीही विचारलं, पडतेस का जरा? रिपोर्ट वाचून, डॉक्टरांचं ऐकून जे पटलं नाही, ते एका चिंधीने पटलं. हसावं की डोकं आपटावं, तूच सांग.

परवा तपासणी झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता काहीही उचला, आतून सगळं भरलंय. मी हो म्हटलं. घरी कुणाला सांगितलं नाही. हे पत्र घडी करून त्या पट्टीतच खोवते, दुसरीकडे कुठे टाकणार? आणि माय, पट्टी मी अजून सोडलेली नाही.