बिनफवारणीची वांगी

कर्वेनगर, पुणे
रविवार

तीर्थरूप हिंदुरावदादांस,

धाकट्या प्रेमलाचा साष्टांग नमस्कार (गुडघा धरल्यामुळे तूर्त कागदावरच). वहिनींची कंबर कशी आहे? तुमची तब्येत विचारत नाही. गेल्या वर्षी फवारताना बांधावर कोसळलात, तेव्हाही तुम्ही "बरा हाय" एवढंच म्हणालात. फोन तर माझं वाक्य पुरं व्हायच्या आत ठेवता, म्हणून हे पत्र.

तर तुमची वांगी. कृषी कार्यालयाने आपल्या लोणी गावाला यंदा उद्दिष्ट दिलं, की दर आठवड्याची फवारणी सोडायची, आधी वावरात फिरून कीड बघायची, सापळे टांगायचे, कडेने झेंडू लावायचा आणि अगदीच आवरेना तर औषध. अख्ख्या गावात आधी तुम्ही तयार झालात, याचा मला केवढा अभिमान! तो मी सोसायटीत इतका मिरवला, की दर रविवारी तुमची वांग्यांची पाटी आमच्या गेटवर उतरू लागली. पहिल्याच खेपेला उल्काताईंच्या (दुसरा मजला, निवृत्त मुख्याध्यापिका) वांग्यात अळी निघाली. बाई ती डबीत घालून वर घेऊन आल्या. मी म्हटलं, अहो, औषध मारलेलं नाही याची हीच तर खूण! त्यावर म्हणाल्या, खूण पटली, आता बिनखुणेची द्या. म्हणजे यांना फवारणीही नको आणि अळीही नको (घासाघीस मात्र हवी). मग मी गेटवर विळी घेऊन बसले, एकेक वांगं चिरून दाखवायला. तर चिरलेली काळी पडली म्हणून तीही कुणी घेईना. आमच्या ह्यांनी संध्याकाळी ताटाकडे बघून "पुन्हा वांगंच?" एवढंच विचारलं.

तरी काळजी नसावी. आता सगळ्यांना सवय झाली आहे, दुपारपर्यंत पाटी रिकामी होते. सापळे काढू नका.

तुमची,
प्रेमला

ता. क. पाटी रिकामी होते हे खरं, पण ती मीच करते, पदरचे पैसे घालून. दिवाळीपासून इथे कुणी एक वांगं घेतलेलं नाही. मार्केट यार्डातही किडका माल बाजूला काढतात, हे मला कळतं. पण दादा, दवाखान्यात तुमच्या उशाशी बसून काढलेले ते दिवस मला पुन्हा नकोत. वांगी गेली चुलीत. मला तुम्ही हवे आहात.

आणखी एक. वहिनींचा आत्ताच फोन आला होता. फवारणीचा पंप दुरुस्त करून आणलात म्हणे. येत्या रविवारी पाटीबरोबर तो पंप इकडे पाठवून द्या. वांगी कमी आली तरी चालतील.