सासूबाईंच्या घरातली आढावा बैठक

तीर्थरूप हिदात मावशीस,

लेतेकिदानचा नमस्कार. आघाडीवरच्या रिवाजाप्रमाणे तुझ्या खांद्यावर तीनदा खांदा आपटून केला असता, पण मागच्या खेपेला तसा केल्यावर तू आठवडाभर तेल चोळत होतीस असं कळलं, म्हणून हा कागदावरच मानून घे. गुडघे कसे आहेत? गाय व्याली का? आम्ही देवाच्या दयेने ठीक आहोत. (मी देवाचं नाव घेतलं म्हणून चष्मा पुसून पुन्हा वाचू नकोस. सासूबाईंच्या घरात राहून तेवढं तोंडात बसलंय.)

फेसेहाये मसावाला बंदराच्या कामावर आहे आणि मी इथे अस्मारात त्याच्या आईजवळ. लढाई संपली, देश झाला, आम्हां मुलींना शाबासकी देऊन घरी पाठवलं. पण घरी जाऊन करायचं काय, हे कुणी शिकवलं नव्हतं. डोंगरात मी ट्रक दुरुस्त करायचे. इथल्या गॅरेजवाल्याला तसं सांगितलं, तर तो म्हणाला, "बरं झालं, चहाला बाई हवीच होती." चहा येत नाही म्हटल्यावर त्याचा उरलासुरला विश्वासही उडाला. रस्त्यातल्या बायका माझ्या विजारीकडे अशा बघतात, जणू ती मी कुणाची तरी चोरून आणली आहे. (चोरलेली नाही. फेसेहायेची आहे.)

सासूबाई मनाने वाईट नाहीत. "पोरी, लढलीस म्हणून तुझ्या पाया पडेन, पण सून म्हणून तू मला चालायची नाहीस," असं त्या रोज सकाळी आंबोळीसारखा इंजेरा वाढता वाढता सांगतात आणि वर दुसरा वाढतात. आमचं लग्न कमांडरच्या परवानगीने झालेलं; त्याला ना पाद्री, ना वडीलधारे, ना मागणी. त्यांच्या मते डोंगरातलं लग्न डोंगरातच राहिलं. शेजारची सेलामावित त्यांनी मुलासाठी हेरून ठेवली होती. कॉफी उत्तम करते आणि मान खाली घालून चालते. (मी मान खाली घातली की मला रस्त्यात सुरुंग शोधल्यासारखं वाटतं.) तर त्यांचा बेत असा, की रविवारी नात्यातल्या बायकांना बोलवायचं, मी कॉफी करायची, ती बिघडलेली सगळ्यांनी बघायची, आणि त्या गेल्या की फेसेहायेला निरोप धाडायचा: हिला सोड. हे त्यांनीच मला सांगितलं. लपवाछपवी त्यांच्या स्वभावात नाही.

मावशी, मला जायचं नव्हतं. फेसेहाये माझ्यामागे आला असता, ते मला ठाऊक आहे. पण इतक्या वर्षांनी "जेवलीस का?" असं विचारणारं कुणीतरी भेटलं होतं, मग भले ते रागावून का विचारेना.

रविवारी केसांच्या वेण्या घातल्या त्या इतक्या घट्ट, की भुवया वर चढल्या आणि दिवसभर मी आश्चर्यचकित दिसत होते. पांढऱ्या पायघोळ झुरियाच्या घेरात पाय अडकून दोनदा पाहुण्यांच्या मांडीवर पडले. धुरावरून मी इंजिनाचा आजार ओळखते, पण कॉफीच्या बिया भाजताना जो धूर निघाला तो आजाराचा नव्हता, मरणाचा होता. रीतीप्रमाणे तवा सगळ्यांपुढे फिरवला. सगळ्यांनी धूर हुंगला, डोळे पुसले आणि "वा, छान वास" म्हणाल्या. कॉफीच्या तिन्ही फेऱ्या अशाच गोड बोलून गिळल्या.

मग रिकामे पेले गोळा झाले, आणि तिथे माझा घात झाला. आघाडीवर कुठलंही काम संपलं, की गोल बसून आधी स्वतःच्या चुका सांगायच्या, मग दुसऱ्याच्या. सवयीने माझा हात वर गेला. म्हटलं, "माझ्या चुका: कॉफी जळाली, पाहुण्या तुडवल्या. सासूबाईंची चूक: कालवणात मीठ कमी पडतं, आणि कुणी तसं म्हणू नये म्हणून त्या जेवताना सारख्या बोलत राहतात." नंतर लक्षात आलं की मी कुठे बसले आहे.

सासूबाईंनी तोंड उघडलं. मी घाईघाईने म्हटलं, ज्याच्यावर टीका होते त्याने सगळ्यांचं संपेपर्यंत बोलायचं नसतं.

"अजिबात नाही?" सर्वांत थोरल्या ब्रिख्ती आजींनी विचारलं.

"अजिबात नाही, आजी."

"मग मला थोडं सांगायचंय," म्हणत त्यांनी स्टूल पुढे ओढलं.

ते थोडं दुपारभर पुरलं. सम्राटाच्या काळात सासूबाईंनी नेलेलं पातेलं झाकणाशिवाय परत आलं, इथून सुरुवात झाली. मग सगळ्याच सुटल्या. एकमेकींचं काढलं, रडल्या, हसून हसून लोळल्या. सासूबाई लाल होऊन ऐकत होत्या, पण नियम त्यांनी पाळला. पाळी आल्यावर म्हणाल्या, "माझी चूक अशी. सेलामावित माझ्याकडे दोन वर्षं जेवतेय. मिठाचं तिने कधी सांगितलं नाही. मी तिला गुणी समजत होते." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "निरोप राहू दे. हिचं माहेर कुठे आहे ते विचारा."

सर्वांना नमस्कार सांग.

तुझी,
लेतेकिदान

ता. क. पत्राचं खरं कारण हे. मला आई नाही, म्हणून फेसेहायेकडचे वडीलधारे मला मागायला मेंदेफेऱ्याला तुझ्या दारी येणार आहेत. लग्नाला सहा वर्षं झाली आहेत, हे तू विसरून जा. पहिल्या भेटीत हो म्हणू नकोस. "विचार करून कळवू" म्हण, नाहीतर मुलगी स्वस्त वाटते. काकांना आतल्या खोलीत बसव. ते लगेच "घेऊन जा" म्हणतील.

ता. क. पण खरोखरच विचार करत बसू नकोस. दुसऱ्या भेटीत हो म्हणायचं. तिसऱ्या भेटीपर्यंत थांबता येणार नाही. लग्नाची झुरिया शिवायला टाकली आहे आणि शिंपीणबाई प्रत्येक मापाला ती कमरेत सैल करते आहे. सासूबाई त्याचं श्रेय स्वतःच्या हाताच्या चवीला देतात. दोन भेटी होईपर्यंत देऊ दे.