फिकट दिसणारी यंत्रं

३ फेब्रुवारी, सोमवार

आवाजच नाही! पडदा उजळतो, माउस चालतो, स्पीकर मात्र ठार मुका. शनिवारी आमच्या बडबडीचा, लेकीचा, कॉम्प्युटर पुतणीकडे जायचाय. धाकटा भाऊ म्हणाला, तू फक्त चालू करून दे दादा, आतलं सगळं मी पुसून घेतो.

पुसून!

लेकीला जाऊन आठ महिने झाले. ताप आला काय, पाचव्या दिवशी सगळं संपलं काय. तिच्या खोलीत पाऊल ठेवणार नाही, असं हिने तेव्हाच सांगितलं होतं. कॉम्प्युटरचं विचारलं तर भाजी निवडता निवडता म्हणाली, "देऊन टाका." मान वर केली नाही. बायकोचं काळीज दगडाचं झालंय, असं वाटून गेलं. तसंच लिहून ठेवतो.

४ फेब्रुवारी

ऑफिसातल्या कॉम्प्युटरवाल्याला गाठलं. त्याने डिव्हाइस मॅनेजर उघडायला शिकवलं. जोडलेल्या प्रत्येक यंत्राची यादी असते त्यात. एकोणतीस वर्षं ऑफिसचं स्टोअर सांभाळतोय, यादी म्हटली की मला हुरूप येतो! स्पीकरच्या चित्रावर खाली बघणारा छोटा बाण होता — म्हणजे मुद्दाम बंद केलेला. चालू केला. टुंग!

लेकीनेच बंद केला असणार. अंधांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायची, मध्येच टुंग नको म्हणून. घरात एवढी बडबड करून पोरीचं पोट भरायचं नाही.

त्याने आणखी एक खुबी सांगितली होती. वरच्या ‘व्ह्यू’मध्ये जाऊन लपलेली यंत्रं दाखवायला सांगायचं. पूर्वी कधी जोडलेली, आता नसलेली सगळी फिकट अक्षरांत येतात. आली! तिचा फोन. कॅमेरा. मैत्रिणीचा प्रिंटर. यूएसबीला लागणारा हेडफोन. अशा अकरा नोंदी.

फळीवर जे नाही ते यादीत ठेवायचं नाही, हा माझा जन्माचा शिरस्ता. पुसलं तर बिघडत नाही काका, वस्तू परत जोडली की नोंद आपोआप येते, असं तो म्हणालाच होता. एकेक करून अकराही काढून टाकल्या. शेवटचा तिचा फोन. मग दार लावून रडलो.

५ फेब्रुवारी

ऑफिसातून आल्यावर सहज यादी उघडली. एक फिकट नोंद परत आलीय. हेडफोन.

राहून गेली म्हणावं तर नाही, मोजून अकरा काढल्या होत्या. कॉम्प्युटरवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, नोंदीवर दोनदा क्लिक करा, तपशिलात जा, शेवटची कधी जोडली ती तारीख निघते.

निघाली. आजचीच. दुपारी दोन वाजून दहा मिनिटं.

दोन वाजता मी स्टोअरमध्ये होतो. घरी ही एकटी. हेडफोन कपाटाच्या वरच्या कप्प्यात, लेकीच्या स्वेटरांखाली. जाऊन पाहिलं. वायर व्यवस्थित गुंडाळलेली, वर रबर. मी गुंडाळली नव्हती.

जेवताना विचारलं नाही. कुठल्या तोंडाने विचारू? परवाच दगड लिहिलं मी हिला. आमटीत मीठ नव्हतं. दोघांनीही तशीच संपवली.

६ फेब्रुवारी

सकाळी धाकट्याला कळवलं — कॉम्प्युटर देत नाही.

अर्ध्या दिवसाची रजा टाकली. माझ्या किल्लीने दार उघडलं. ही लेकीच्या खोलीत, तिच्याच खुर्चीत, पाठमोरी, कानांवर हेडफोन. मी आलेलं कळलंच नाही. खांद्यावर हात ठेवला तशी दचकली. माझ्याकडे बघत राहिली. मग हिने वायर उपटली.

स्पीकरमधून लेक वाचत होती. वाचता वाचता थांबली.

"बेल वाजली. बाबा आले वाटतं. थांबा हं, परत घेते."