रोज एका अनोळखी माणसाला एक प्रश्न

रविवार, ३ एप्रिल

मामांनी आज जेवताना विषय काढलाच. पाडव्याला गुरुजी वस्तीवर येणार, शाळेचा पट वाढवायला नावं लिहून घेणार. "कावेरीचं नाव घालायचं. शंभूचं बी." सासऱ्यांसमोर मी एरवी चढ्या आवाजात बोलत नाही. आज बोलले. म्हटलं, कावेरी घरीच शिकतेय, दुसरीची पुस्तकं संपली, तिसरीचं गणित निम्मं झालं.

"गणित कुणाला पायजे? घरात ठिवून ठिवून पोरगी मुकी व्हायली. आठ वर्साची झाली, चारचौघांत सोताचं नाव सांगता येत न्हाई तिला."

लागलं. कारण खरं आहे. घरात चुरुचुरु बोलते, शंभूशी भांडते, कोंबड्यांना शिव्या घालते. बाहेरचं माणूस दिसलं की अडकली. त्यात "क" तर घशातून निघतच नाही, आणि आम्ही शहाण्यांनी नाव ठेवलं कावेरी! शाळेत पोरं क-क-कोंबडी म्हणून मागं लागायची. दिवाळीनंतर मीच काढली तिथून. डी.एड. होऊन अकरा वर्षं भाकरी थापतेय, नोकरीचा पत्ता नाही, म्हटलं निदान आपली दोन तरी शिकवू.

शेवटी मामाच म्हणाले, "बरं. पाडव्याला गुरुजीला सोताच्या तोंडानं नाव सांगू दे तिला. सांगितलं तर अजून एक वरीस तुझ्याजवळ. न्हाई तर जूनपासून दोघं शाळंत."

मी ह्यांच्याकडं बघितलं. हे ताटात बघत होते. दूध संस्थेचा सेक्रेटरी होऊन माणूस सगळ्यांशी गोड राहायला शिकलाय.

मधे चार दिवस. उद्यापासून रोज बाहेर. पुस्तकं बंद. रोज एका अनोळखी माणसाला एक प्रश्न, तिनं, स्वतः. बघतेच.


सोमवार, ४ एप्रिल

सकाळी सहाला दूध संस्थेत. गायी आटल्यात, कॅन निम्मेच. गाडीवर नवा ड्रायव्हर, युसूफवडगाव गावचा. अनोळखी पाहिजे होता, मिळाला. प्रश्न तिनंच ठरवलेला: एवढ्या उन्हात गाडीत दूध नासत कसं नाही? वाटेनं दहादा म्हणून दाखवला, एकदाही अडकली नाही. ड्रायव्हरपुढं उभी राहिली, तोंड उघडलं... आणि आमचं पाच वर्षांचं कार्टं मधे. "ती इचारायली, दूध नासत कावून न्हाई?"

ड्रायव्हरनं शंभूला उचलून टाकी दाखवली, बर्फासारख्या गार पत्र्याला हात लावू दिला, सगळं समजावलं. कावेरी स्वतःच्या चपलेकडं बघत उभी.

परत येताना शंभूला धरला. तर म्हणतो, "तिला येळ लागतो ना, म्हून म्या सांगितलं." मदतच करत होता बिचारा. मारू तरी कसं? उद्यापासून त्याच्या तोंडात खडीसाखर. विरघळेपर्यंत बोलायचं नाही. कडकड चावली तर दुसरा खडा.

दुपारी टँकर. ड्रमांपाशी नेहमीची भांडणं, माझी पण. तीन ड्रम भरले. दिवस गेला.

प्रश्न: ०


मंगळवार, ५ एप्रिल

जीपनं छावणीवर. सासूबाई दोन महिने झाले, गुरांबरोबर तिथंच पालाखाली राहतात. नातवंडं बघून चहाला दूध जास्त घातलं, मग माझ्याकडं बघून "वाळलीस" म्हणाल्या. छावणी एका सोसायटीनं चालवलीय, चारा म्हणून ऊस देतात. कावेरीनं दावणीला उभी जनावरं सातच्या पाढ्यात मोजली, शेवटी दोन उरली, ती कुणाची म्हणून शोधत बसली. गणिताची काळजी नाही मला.

चारा मोजून देणारा माणूस काट्यापाशी होता. मागं ही गर्दी. कावेरी गेली. एकटी गेली! मी दहा पावलं मागं. शंभूचा गाल फुगलेला. ऐकू आलं: "क... क..." आणि तो माणूस, "कडबा? कडबा संपला बाळा, आता ऊसच हाय." हिनं मान हलवली आणि परत आली.

वाटेत विचारलं, खरं काय विचारायचं होतं?

"कालवडीला निम्माच का देतेत."

"मग कडब्याला मान का हलवलीस?"

"त्यांनीच संपवला ना शब्द."

जीपमधे तोच विचार. ही तोंड उघडते, लोक घाईनं तिचा शब्द पुरा करतात, आणि ही लोकांचाच शब्द घेऊन घरी येते. वाईट कुणीच नाही. सगळे मदतच करतात मेले!

शंभूनं तीन खडे संपवले. मधेच बोट वर करून खुणेनं विचारलं, आता बोलू?

प्रश्न: अर्धा तरी म्हणावा का? नाही. ०.


बुधवार, ६ एप्रिल

आज माझ्या हातून घाण झाली. लिहून ठेवते.

तेलगावला बाजारात गेलतो, पाडव्याच्या साखरगाठी आणायला. दुकानात पांढऱ्या, गुलाबी, पिवळ्या गाठी टांगलेल्या. दुकानदारीण निवांत, वारा घेत बसलेली, म्हणजे आपल्या कामाला चांगलं माणूस. कावेरी पुढं झाली. "ही पिवळी क... क... क..." बाई बघत होती. मागं दोन गिऱ्हाइकं येऊन उभी राहिली. एक हसला असं मला वाटलं, हसला नसेलही. आणि माझ्याच तोंडातून निघालं, "कशानं पिवळी, ते विचारायलीय ती."

कावेरीनं माझा हात सोडला. "तूच बोल मग! मी उद्या न्हाई यायची. कुठंच न्हाई यायची." एका दमात. राग आला की एक अक्षर अडकत नाही पोरीचं.

नंतर भाकरी करताना मोजलं, खरंच मोजलं, की दिवसात किती वेळा मी तिचा शब्द पुरा करते. तिनं "पा" म्हणायचं, मी पाणी द्यायचं. "कं" म्हणायचं, मी कंगवा. शंभूला रागावले, काट्यावरच्या माणसाला मनात शिव्या दिल्या, आणि सगळ्यात मोठी चोर मीच. शाळेतून काढली ती पोरं चिडवतात म्हणून. पण घरात तरी ती कधी पूर्ण बोलली? मी बोलू दिलं कुठं?

उद्यापासून खडीसाखर मलाही. ठरलं.

प्रश्न: ०. हा माझ्या नावावर.


गुरुवार, ७ एप्रिल

झालं!!

सकाळी कावेरी अंथरुणात तोंड फिरवून. मी मनधरणी केली नाही. म्हटलं, मी आणि शंभू शेजारच्या शेतातली विहीर खोल करायलेत ती बघायला चाललोय, ज्याला यायचं त्यानं यावं. अर्ध्या वाटेत मागं बघितलं तर वीस पावलांवर येत होती.

विहिरीवर यारी लावलीय, इंजिनावर चालते, खालचा मुरूम पाटीनं वर येतो. बाहेरगावचे गडी. यारीवरचा म्हातारा शेतमालकाला ओरडून सांगत होता, "नऊ परस गेलो, वल सुदिक न्हाई लागली!" मी शंभूला समजावलं, परस म्हणजे माणूस हात वर करून उभा राहिला की जेवढा होतो तेवढं माप. मग दोघांनी खडे तोंडात टाकले. कावेरी म्हाताऱ्याकडं बघत राहिली. मग चालायला लागली.

इंजिनाच्या आवाजात म्हाताऱ्याला काही ऐकू येईना. त्यानं "आँ?" केलं. हिनं परत सुरू केलं. परत "आँ?" मग त्यानं इंजिन बंद केलं, हात पुसले, दगडावर टेकला. "हां. बोल, माय."

"को... को... को..."

म्हाताऱ्यानं बिडी काढली. पेटवली. त्याला कुठं जायचंच नव्हतं. मी जमिनीकडं बघून पाय मोजत होते, माझे, शंभूचे, परत माझे. खडा दाताखाली धरलेला.

"कोणाचं परस?"

"आँ?"

"माणूस हात वर करून. पण को... कोणाचा माणूस? ल-लहान का मोठा?"

म्हातारा एवढा हसला की बिडी पडली. "आरं, तीस वर्सं हिरी खांदायलोय, ह्ये कुणी इचारलं न्हाई!" उठला, हात वर करून उभा राहिला. "हिरीत जो उतरंल त्याचं. म्हंजी माजं." मग दोरी आणली, त्याचं परस मापून गाठ मारली, हिला हात वर करायला लावून हिचं मापलं. दोरी घरी न्यायला देऊन टाकली.

घरी येऊन तिनं दोरी अंगणात पसरली. म्हाताऱ्याचे तीन म्हणजे तिचे चार. "आई, त्यांचे नऊ, म्हंजे म-माझे बारा! माझ्यासाठी हीर लई खोल हाय."

मला रडू आलं. चांगलं मोठ्यानं रडले, शंभू घाबरला.

पण पुरण शिजवताना एक गोष्ट डोक्यात आली, ती आता जात नाही. उद्या ती नाव सांगू शकली नाही तर मामा शाळेत घालणार. आणि सांगू शकली तर? तर मग घरी ठेवायला माझ्याकडं कारण काय उरलं?

प्रश्न: १


शुक्रवार, ८ एप्रिल. पाडवा.

गुढी उभारली. कडुलिंब खाताना शंभूचं तोंड बघण्यासारखं.

अकराच्या सुमाराला गुरुजी मोटारसायकलवर आले. दिवाळीनंतर बदली होऊन आलेत, कावेरीला ओळखत नाहीत. ओसरीवर सगळे: मामा, हे, मी दारात. कावेरी खांबाला धरून. गुरुजींनी रजिस्टर उघडलं. "नाव काय, बाळा?"

तिनं माझ्याकडं बघितलं. मग "का..."

थांबली. परत "का... का..."

शंभूच्या गालात खडा. मामांचे ओठ हलले, ते बोलणार असं दिसलं, आणि मी सासऱ्यांवर डोळे वटारले, लग्नानंतर पहिल्यांदा. ते तोंड मिटून बसले. मी गुरुजींकडं बघितलं. म्हटलं आता हा "कविता? काजल?" करणार.

गुरुजींनी पेनाला टोपण लावलं. पेन खिशात ठेवलं. मांडी घातली आणि बसून राहिले, जसं काय त्यांना दुसरं कामच नाही.

ह्यांनी पण रविवारसारखं खाली न बघता पोरीकडं बघितलं.

"कावेरी."

मामा उठून बाहेर गेले, उपरण्यात नाक शिंकरून परत आले. "गुरुजी, ठरल्यापरमानं. अजून वरीसभर घरीच शिकू द्या. माजा सबुद हाय."

गुरुजींनी वाद घातला नाही. एवढंच म्हणाले, पट कमी आहे, निम्मी पोरं आईबापाबरोबर ऊसतोडीला जातात, पोरं वाढली नाहीत तर दुसरे शिक्षक जातील, मग चारही वर्ग एकट्यालाच. उठायला लागले, तर कावेरी खांब सोडून पुढं आली.

"गुरुजी, श-शाळंत समदे थां... थांबतेत का?"

मला वाटलं, काय विचारतेय कळणार नाही त्यांना. पण त्यांना कळलं.

"न्हाई," म्हणाले. "मी थांबतो. पोरं न्हाई थांबत. शिकवावं लागंल त्यांला."

खोटं बोलले असते तर मला सोपं गेलं असतं.

जाताना प्रवेशाचा कोरा अर्ज ठेवून गेले. "असू द्या घरात," म्हणाले.

प्रश्न: १. तो मी विचारायला सांगितलेला नव्हता.


शनिवार, ९ एप्रिल

मामा सकाळी, "जिंकलीस की सूनबाई." हो म्हटलं. अर्ज ज्वारीच्या डब्याखाली ठेवलाय. दोनदा काढला, दोनदा ठेवला. हे म्हणाले, तू म्हणशील तसं. कधी नव्हे ते माझ्याकडं बघून म्हणाले, आणि नेमकं आज मला काय म्हणायचंय तेच कळेना.

वर्षभराचे बेत मनात तयार होते. धरण, एसटीचं वर्कशॉप, पोस्ट, तलवाड्याची माझी मावशी. कावेरीला विचारलं, सोमवारी कुठं जायचं?

"शाळंत."

मी म्हटलं, "नाव घालायला?"

"न्हाई. ब... ब..."

जीभ दातांत धरली मी. खडीसाखर संपलीय.

"बघायला. एक प्रश्न हाय. प-पोरांला इचारायचा." मग म्हणाली, "तू आत येऊ नको. भाईरच थांब."