तुरीच्या दिवसांतला बर्फ

अप्पा, उद्या सकाळी कलबुर्गीहून एक माणूस तुमच्या बर्फावर घसरायच्या फळ्या न्यायला येणार आहे. त्याला त्या आपल्या हॉटेलच्या भिंतीवर लावायच्या आहेत. मी हो म्हटलं. हो म्हणताना बरं वाटलं, आणि ते तुम्हाला कळावं असंही वाटलं, म्हणून लिहायला बसलो आहे.

परवा अडतीवर तुमच्या जुन्या दोस्तानं चारचौघांत माझ्या पाठीवर थाप मारली. म्हणाला, "ह्याचा अप्पा लई हौशी माणूस. अख्ख्या बसवकल्याणात बर्फावर घसरणारा एकच सावकार!" सगळे हसले, मीही हसलो. तुम्ही गेल्यापासून मी असाच हसत आलो आहे. हौस तुमची होती अप्पा, राखण माझी होती. हे अडतीवर कुणी बोलत नाही. तरुणपणी तुम्ही डाळीच्या सौद्यासाठी उत्तरेला गेलात, तिथल्या व्यापाऱ्यानं तुम्हाला डोंगरावर नेऊन पायांना फळ्या बांधल्या, आणि तेव्हापासून दर वर्षी येळवशीची अमावस्या झाली की तुमचा पाय घरात ठरायचा नाही. येळवशीला शेतात बसून भज्जी आणि आंबील पोटभर खायचात, सगळ्यांशी हसून बोलायचात, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे फळ्या गोणपाटात गुंडाळून बसस्टँडवर. आई म्हणायची, "सवत आणली असती तर भांडले तरी असते. बर्फासंगं काय भांडू?" तुम्ही मोठ्यानं हसायचात. पण तूर नेमकी त्याच दिवसांत येते. सगळ्या तालुक्याची तूर गिरणीच्या दारात उभी राहते, तेल चोळून अंगणात पसरावी लागते, आणि डाळ मिलचा मालक बर्फात असतो. असं दुसऱ्या कुठल्या घरात चालत असेल?

मला तुम्ही घसरायला शिकवलंत, तेही आठवतं. मिलच्या मागं तुरीच्या सालपटांचा ढीग असायचा, माझ्या डोक्याच्या कितीतरी वर. तुम्ही मला त्याच्या टोकावर उभं केलंत आणि फळ्यांचे पट्टे आवळलेत. "भ्यायलास कामून? गुडघे मोकळे सोड. पडलास तर कुशीवर पड." मी पडलो. नाकातोंडात सालपटं गेली. मुकादमानं मला उचलून झटकलं आणि म्हणाला, "धाकले सावकार, तुमी आपलं गणितच करा." तुम्ही म्हणालात, "दहावी होऊ दे, ह्याला संगं नेतो. खरा बर्फ दावतो." मी त्या बोलण्यावर जगलो, अप्पा. वर्गात शेवटच्या बाकावर बसून मी डोंगर काढायचो, पट्टीनं, दोन्ही बाजू सारख्या.

दहावीच्या वर्षी पूर्वपरीक्षा तोंडावर आली होती. तुम्ही म्हणालात, "मी येस्तोर तेवढं मिलवर बस. अभ्यास काय, हितं बसूनबी व्हतो." मी पुस्तक घेऊन वजनकाट्याजवळ बसलो. आठवड्यानं एका दिवशी तिसऱ्या प्रहरी निर्णा गावाच्या बाजूनं आभाळ काळं झालं. अंगणभर तेल लावलेली तूर, आणि ताडपत्र्या आत कुलपात. किल्ली तुमच्या बॅगेत. ती तुम्ही कधी कुणाच्या हाती दिली नाहीत, आईच्यासुद्धा नाही. कुलूप तोडायला मुकादम हातोडा शोधतोय, बाया पदरात तूर भरून आत पळतायत, आणि मी फोन लावतोय. तुम्ही उचलता. मी ओरडतो, "अप्पा, पाऊस पडायलाय! तूर भिजायलीय! किल्ली कुठं हाय?" आणि तुम्ही हसताय. "हितंबी पडायलाय रे! बर्फ! पिंजल्या कापसावानी. थांब, ऐक, तुला ऐकवतो." तुम्ही फोन वर धरलात. मी कानाला लावून उभा राहिलो. इकडं पत्र्यावर पाऊस बडवतोय, आणि तिकडून काहीच नाही. बर्फाला आवाज नसतो, हे मला त्या दिवशी कळलं.

तुम्ही आलात तोवर तूर फुगून आंबली होती. तुमचं तोंड उन्हानं काळं, चष्म्याची जागा तेवढी गोरी. मुकादम म्हणाला, "मालक, वांदरावानी दिसायलाव," आणि तुम्हाला ते आवडलं. मग तुम्ही वास घेतलात आणि बायांसमोर मला विचारलंत, "एवढा घोडा झालास, ताडपत्री टाकायला आली न्हाई?" मी किल्लीबद्दल काही बोललो नाही. संध्याकाळी तुम्ही मला लोकरीचे हातमोजे दिलेत. बसवकल्याणात, अप्पा. तूर पुन्हा वाळवता वाळवता परीक्षा गेली. "पुढल्या साली बस," म्हणालात. पुढल्या सालीही येळवस आली, आणि तूरही आली. शाळा तिथंच राहिली. खरा बर्फ मी अजून पाहिलेला नाही. तुम्ही चैत्राच्या उन्हात खुर्चीवर बसल्या बसल्या गेलात, आणि मला तुमच्याशी भांडता यावं म्हणूनही थांबला नाहीत.

आता ताडपत्र्यांच्या खोलीला मी कुलूप लावत नाही. तरी तूर पसरली की तासातासाला आभाळ बघतो. बायको म्हणते, "ढग न्हाई, काय न्हाई, कामून बघायलाव?" तिला काय सांगू? हे भय तुम्ही मला दिलंत. हातमोजे मी मागितले नव्हते, तसं हेही मागितलं नव्हतं.

आज दुपारी गिऱ्हाइकासाठी फळ्या पुसायला काढल्या. सगळे जेवायला गेले होते. मी मागं गेलो, ढिगावर चढलो, पट्टे आवळले. गुडघे मोकळे सोडले. या वेळी पडलो नाही. पायाखालून सगळं सरकत गेलं, आणि खाली पोचेपर्यंत मला आभाळाची आठवण आली नाही. अप्पा, मला ते आवडलं. मग मी पुन्हा वर चढलो. या गोष्टीचा मला तुमच्यावर सगळ्यात जास्त राग आहे.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही. उद्या तो माणूस आला की त्याला सांगणार आहे, एक पट्टा तुटलाय, दुरुस्त झाला की कळवतो.

पट्टे दोन्ही चांगले आहेत.