विमानांच्या गोठ्यातली पाळी

अहो,

‘प्रिय’ लिहायला घेतलं होतं. टाक बुडवला आणि हात थांबला. मेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. मी धरला आहे, आणि तो तुमच्यापर्यंत पोचवायला दुसरी सोय नाही, म्हणून हे पत्र.

उद्या तुमच्या लेकीचं बारसं आहे. हो, लेकच झाली, तुम्ही म्हणत होतात तशी. आता झोपली आहे. बाहेर वैशाखाचं ऊन असं की आंगणात पाय ठेववत नाही. तुमच्या आई, माझ्या आत्याबाई, माजघरात भिंतीकडे तोंड करून पडल्या आहेत. पोरगी जन्मल्यापासून त्यांनी तिला एकदाही मांडीवर घेतलेलं नाही. सुइणीनं हौसेनं पुढं केली तर म्हणाल्या, “ठेव तिकडंच. बापाच्या मुळावर आली हे पोट्टी.”

ऐकलंत? तुमच्या लेकीच्या कानात पडलेलं हे पहिलं बोलणं.

मी शाळेत शिकले तसं लिहिते आहे. मधेच राग चढला आणि घरची बोली आली तर चालवून घ्या. तुम्ही नागपूरला शिकून आलात तरी चुलीपाशी बसून ‘मले वाढ’च म्हणायचात ना!

सगळं सुरू झालं त्या गोठ्यापासून. लढाईच्या वेळी आलापल्लीच्या वाटेवर सरकारनं माळ सपाट करून विमानांची पट्टी केली होती आणि पत्र्याचं शेड ठोकलं होतं. लढाई संपली, साहेब लोक गेले, शेडात शेळ्या बसू लागल्या. ते शेड तुम्ही तिघांनी भाडेपट्ट्यानं घेतलं. तुमचं सागवानाचं काम, दौलतरावांची धानाची गिरणी, रहीमभाईंचा तेंदूपत्ता. तिघांनाही लिलावातलं एकेक जुनं विमान घ्यायची हुक्की एकदमच आली! लोकांनी शेडाला नाव ठेवलं, विमानांचा गोठा. मी म्हटलं, बरोबर ठेवलं. बैलाला तरी संध्याकाळी घरी यायचं कळतं.

शेड अरुंद. एक विमान मागच्या कोपऱ्यात, एक मधे, एक दारात. मागचं काढायचं तर पुढची दोन आधी ढकलत बाहेर आणायची. पहिल्या वर्षी काय भांडणं! “माह्या इमानाले हात कोनं लावला?” म्हणून रहीमभाई इतके ओरडले होते की बाजाराला निघालेली माणसं रस्त्यात उभी राहिली. दौलतरावांनी तर मधे बांबूचं कूड घालायचं ठरवलं होतं. तुम्हीच तोड काढलीत. पाळी.

महिना महिना पाळी. ज्याची पाळी त्याचं विमान दारात. त्यानं सकाळी शेड उघडायचं, साप-विंचू बघायचा, उंदरानं काही कुरतडलं का, कुठल्या नळीत माती भरली का, हे तिन्ही विमानांचं बघायचं. बाकीच्या दोघांनी त्याच्या शब्दावर उडायचं. दुसऱ्यानं बघितलेलं पुन्हा बघणं म्हणजे त्याच्यावर अविश्वास! तसं चालणार नाही, हेही तुमचंच ठरलेलं.

काय अभिमान होता तुम्हाला त्या पाळीचा! जेवताना तेच, निजताना तेच. “सख्खे भाऊ एका घरात नाई राहत, आन् आमी तिघं एका पत्र्याखाली राहून राह्यलो!” मी ऐकत होते. मला वाटायचं, या माणसानं घरासाठी एवढं डोकं कधी चालवलं नाही.

माझं काय चाललं होतं ते तुम्हाला ठाऊक होतं. मूल होत नव्हतं. कोणाच्या ओटीभरणाला गेले की बायका माझ्या हातात नारळ देताना मधेच हात आखडायच्या. देव झाले, अंगारे झाले, अहेरीच्या बाजारातल्या झाडपाल्याच्या पुड्या झाल्या. तुम्ही हसायचात. अमावास्येला मुद्दाम विमान काढायचात. मांजर आडवं गेलं तर त्यालाच रामराम घालायचात. असा माणूस! आणि तुम्हालाच अशी बुद्धी सुचावी?

भादव्यात माझी पाळी चुकली. तुम्हाला सांगितलं तर तुम्ही नुसते टोपी घालून गोठ्याकडे निघून गेलात. मी रडले त्या दिवशी. आणि दुपारी परत आलात ते धापा टाकत. “अवं, कुंभारीण आली! आपल्या इमानाच्या दांडीवर घर बांधून राह्यली!”

कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलं की त्या घरात पाळणा हलतो, आणि ते घर मोडलं तर पोटातल्या जिवाला धक्का बसतो. आपल्याकडं हे कोणाला सांगावं लागत नाही. पण तुम्ही! मी हसले. म्हटलं, “घरात नाही केलं, गोठ्यात केलं. पोर काय पंख घेऊन येणार आहे?” तुम्ही हसला नाहीत. तुमचे डोळे भरले होते. तसे मी ते लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिले. दुसऱ्या दिवशी दोघांनाही बजावून आलात, “माह्या इमानातलं तिचं घर कोनी मोडाचं नाई.”

तिचं घर म्हणजे कुठलं हो? एक की दोन? दांडीवरचं की आणखी कुठलं? सागाचा एक ओंडका गाडीत चढवायचा तर दहा वेळा सांगायचात, उजवीकडून धर, डावीकडून धर. आणि इथं एवढं ढिलं बोलून मोकळे झालात!

माशीला काय कळतं? तिनं दुसरं घर केलं ते वरच्या पंखातल्या पेट्रोलच्या टाकीच्या नळीत. टाकीत हवा जायची बारीकशी नळी. मला तेव्हा ती नळी कुठली ते ठाऊकही नव्हतं. मागनं रहीमभाईंनी समजावलं. रॉकेलच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल अडकतं, वर दुसरं भोक पाडलं की धार लागते. ते दुसरं भोक म्हणजे ती नळी. तिच्यात माती भरली.

कार्तिकात दौलतरावांची पाळी होती. त्यांनी सकाळी तिन्ही विमानं बघितली. स्वतःच्या नळीतली माती तारेनं काढली, रहीमभाईंच्या नळीतली काढली. तुमच्या नळीत माती दिसली आणि तार घेतलेला हात मागे घेतला. मोडायचं नाही म्हणून तुम्ही बजावलं होतं ना! त्यांना वाटलं, याला ठाऊक असेल, हा काढेल. तुम्हाला वाटलं, दौलतरावांची पाळी आहे, नळ्या साफच असतील. त्यांनी तुम्हाला सांगितलं नाही, तुम्ही त्यांना विचारलं नाही. आणि अहेरीच्या वरच्या अंगाला नदीत बांबूचे तराफे कुठं अडकले ते बघायला तुम्ही उडालात.

मुलचेऱ्याच्या अलीकडं लोक धान कापत होते. त्यातला एक म्हातारा आपल्या घरी आला होता, तुमची टोपी घेऊन. म्हणाला, “बाई, आवाज बंद झाला, आन् मंग ते इमान लय वेळ गुपचूप येऊन राह्यलं होतं.” लय वेळ! मला ते दोन शब्द अजून झोपू देत नाहीत. त्या लय वेळात तुमच्या मनात काय होतं हो? मी होते का त्यात?

बघा, माझी पाळी चुकली म्हणून तुम्ही नाचलात, आणि गोठ्यातली पाळी चुकली म्हणून गेलात. देवानं असला विनोद करायला माझंच घर निवडावं!

मला हे तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं. चौकशीचा साहेब यायच्या आधीच दौलतरावांनी धानाच्या बांधीत पडलेल्या पंखातली ती माती काढून टाकली होती. साहेबानं इंजिनाला दोष दिला. मग गोठ्यात सभा झाली, तुमचा फोटो लावला, हार घातला. दौलतराव बोलले म्हणे, “असा वैमानिक पुन्हा होणार नाही, पण दैवापुढे कोणाचं चालतं!” दैव! दैवाच्या हातात तार होती का?

आणि त्याच दैवाला मग त्यांच्या बायकोनं नाव-गाव दिलं. हळदीकुंकवात, विहिरीवर, बाजारात. पोटात आलं आणि बाप गेला. आलं तेच खायला आलं. तिथून ते आत्याबाईंच्या कानात शिरलं आणि तिथंच बसलं.

सातव्या महिन्यात रहीमभाई आले. ओट्यावर बसले, पाणीसुद्धा घेतलं नाही. दौलतरावांनी त्यांच्यापाशी कबूल केलेलं सगळं सांगितलं आणि लहान पोरासारखे रडले. मी म्हटलं, “भाऊ, हे चारचौघांत सांगा. माझ्या लेकराले लोक काय काय म्हणून राह्यले, तुमी ऐकता ना?” तर खाली मान घालून म्हणाले, “भाभी, मी बोललो तं दौलतराव माहं तोंड नाई पाहणार. आन् शेड तं एकच हाय ना. रोज त्याचंच इमान ढकलून माहं काढा लागते.”

शेड एकच आहे! म्हणून खरं बोलता येत नाही! वा रे तुमची भागीदारी. एवढी मेहनत घेऊन काय उभं केलंत? तिघांनी एकमेकांचं झाकायची जागा. मला त्या दिवशी रहीमभाईंचा राग दौलतरावांपेक्षा जास्त आला. दौलतराव भ्यालेले आहेत. रहीमभाई भले आहेत, आणि भले राहूनच गप्प आहेत.

काल दौलतराव स्वतः आले. लेकीसाठी रंगीत खुळखुळे आणले होते. त्यांना कळलं आहे की मला कळलं आहे. दारातच उभे राहून हळू आवाजात म्हणाले, “वहिनी, त्याचं नाव हाय चांद्यापर्यंत. राहू द्या. लोक म्हणतील, एवढा शिकलेला माणूस एका माशीपायी गेला. हसतील त्याले.”

मी काऊन ऐकून घेतलं ते मलेच कळलं नाई. खुळखुळे तेवढे परत दिले.

म्हणजे तुमचं नाव राहावं म्हणून या पोरीनं जन्मभर ‘बापाला खाल्लं’ ऐकायचं. शाळेत ऐकायचं, लग्न ठरताना ऐकायचं, सासरी तर विचारूच नका. तुमचा फोटो गोठ्यात हार घालून बसणार, आणि त्याचा भार हिच्या डोक्यावर.

मला तुमचं नाव नकोसं झालं आहे असं समजू नका. तुम्ही घरावरून घिरट्या घालायचात, एक पंख खाली करायचात, तेव्हा मी पिठाचे हात घेऊनच आंगणात धावायचे. शेजारणी हसायच्या. मी वर बघून तुम्हाला शिव्या द्यायचे आणि मनातून इतकी खूश असायचे की भाकरी करपायची. सगळ्या गावात माझाच नवरा वर! ते नाव मीसुद्धा मिरवलं आहे. आणि ते मातीचं घर तुम्ही कोणासाठी राखलंत ते मला कळत नाही का? कळतं. म्हणूनच तर राग जात नाही. दारू पिऊन गेला असतात तर एव्हाना विसरले असते.

उद्या बारशाला मी विधवा म्हणून मागे बसायचं आहे. पाळण्यात घालायला सवाशिणी. आणि पहिला मान कोणाचा, ठाऊक आहे? दौलतरावांच्या बायकोचा. जिनं गावभर माझी लेक मुळावर आली म्हणून सांगितलं, तीच तिच्या कानात नाव सांगणार. आत्याबाईंनीच ठरवलं. त्यांना काय ठाऊक! त्यांना कोणी काही सांगितलंच नाही. त्या भिंतीकडे तोंड करून आपल्या मुलासाठी रडताहेत, आणि रडायला जागा सापडत नाही म्हणून पोरीवर दात धरून बसल्या आहेत.

तर ऐका. उद्या नाव ठेवायच्या आधी मी पुढं येणार आहे. कोणी ‘मागं बस’ म्हटलं तरी येणार आहे. रहीमभाई आणि दौलतराव दोघंही ओट्यावर असतील, ते ऐकतील एवढ्या मोठ्यानं बोलणार आहे. तुमचं नाव आजवर उखाण्यातच घेतलं, तेही पदर तोंडाला लावून. उद्या सरळ घेईन. नाव घेऊन म्हणेन, याच माणसानं माती राहू दिली, दौलतरावांनी ती बघून सोडली, रहीमभाईंना ते ठाऊक आहे, आणि ही पोर तेव्हा माझ्या पोटात चिंचोक्याएवढी होती. हिनं कोणाला मारलं नाही. मग पोरीला आत्याबाईंच्या मांडीवर ठेवीन. घेतली तर घेतली. नाही घेतली तर मीच उचलून माझ्या हातानं पाळण्यात घालीन, आणि नावही मीच सांगीन.

लोक हसतील. तुम्हाला हसतील. गोठ्यातला फोटो कदाचित उतरवतील. मला वाईट वाटेल, फार वाटेल. पण तुम्ही गेलात, तुम्हाला हसणं सोसवेल. तिला इथं राहायचं आहे.

तुमच्या लेकीची आई,
सुमित्रा